उनपदेवाच्या पाण्याला हात लावण्याआधी

प्रति,
ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन;
महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण (महाऊर्जा);
आणि सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीखालची उष्णता शोधायला येऊ इच्छिणारे शास्त्रज्ञ व कंपन्या यांस,

स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेपासून मिळणाऱ्या, ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं आणि गरम पाण्याच्या झऱ्यांकडे बघण्याची सरकारदरबारची नजर बदलली. देशात असे तीनशेहून जास्त झरे नोंदलेले आहेत. सुमारे १०,६०० मेगावॉट क्षमतेचा अंदाज कित्येक वर्षं अहवालांतून फिरतो आहे. नर्मदा-तापीच्या पट्ट्याचं नाव त्या अहवालांत नेहमी येतं, आणि या पट्ट्यात आमचे झरे आहेत: चोपडा तालुक्यात अडावदजवळचा उनपदेव, त्याच डोंगररांगेतले सुनपदेव आणि निझरदेव, शहादा तालुक्यातला दुसरा उनपदेव. मी चोपडा तालुक्यातला केळी उत्पादक आहे. सातपुडा माझ्या बांधावरून दिसतो. बोअरची मोठी गाडी त्याच्या पायथ्याशी उभी राहण्याआधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हणून हे जाहीर पत्र लिहितो आहे.

आधी माझी बाजू सांगतो. मला ही ऊर्जा हवी आहे. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या चिमण्या बघत आमच्या पिढ्या मोठ्या झाल्या, कोळशाची किंमत आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. शेतीची वीज रात्रीच्या पाळीला आली की हातात बॅटरी घेऊन मोटार चालू करायला शेतात जावं लागतं, आणि यावल-चोपड्याच्या डोंगरपट्ट्यात त्या वेळी बिबट्याही बाहेर असतो. जमिनीखालून रात्रंदिवस मिळणारी, ऊन-वारा-पावसावर न अडणारी उष्णता कामाला लागणार असेल तर तिचं स्वागत करणाऱ्यांत मी पुढे असेन. म्हणूनच मला काळजी वाटते. चांगली योजना वाईट पद्धतीने आणली की तिचं पुढची पन्नास वर्षं त्या भागात कोणी नावही काढू देत नाही.

प्रकल्प अहवालांत लोकांच्या भावनांसाठी एक ठरलेली जागा असते. शेवटून दुसऱ्या प्रकरणात ‘सामाजिक अडथळे’ असा मथळा असतो आणि खाली उपाय लिहिलेला असतो: जनजागृती. म्हणजे लोक घाबरले तर ते अज्ञानामुळे, रागावले तर कोणीतरी भडकवल्यामुळे, गप्प बसले तर संमती आहे म्हणून. तुम्ही जमिनीखालचं तापमान मोजाल, खडकाचा प्रकार नोंदवाल, पाण्यातले क्षार तपासाल. गावात जी भीती, जो राग, जी आशा आहे तिचीही तेवढ्याच गांभीर्याने नोंद घ्या, एवढंच मला सांगायचं आहे. त्या भावनांमागे कारणं आहेत आणि त्यांतली बरीचशी कारणं तुमच्याच शास्त्राने खरी ठरवलेली आहेत.

उनपदेवाला तुम्ही आला नसाल तर पौषात या, यात्रा भरलेली असते. दगडी गोमुखातून गरम पाण्याची धार सतत कुंडात पडत असते. थंडीच्या सकाळी धारेवर वाफ दिसते. नवखा माणूस थेट खाली डोकं धरतो आणि चटका बसून मागे सरतो. सवयीची माणसं आधी ओंजळीत घेतात, मग खांद्यावर, मग पाठीवर. खरूज, नायटा, कोड असलेली माणसं लांबून येतात, बायका लेकरांना चोळून आंघोळ घालतात, घरी न्यायला बाटल्या भरून घेतात. शरभंग ऋषींची व्याधी बरी व्हावी म्हणून प्रभू रामाने बाण मारून हे पाणी काढलं, अशी इथली श्रद्धा आहे. आजूबाजूच्या पाड्यांवरचे पावरा, भिल, तडवी आणि खालच्या गावांतले शेतकरी याच धारेखाली उभे राहतात. नारळ-उदबत्तीची दुकानं, खेळण्यांचे पाल, भज्यांच्या कढया, गुळाची जिलेबी, हे सगळं त्या एका धारेवर उभं आहे. यात्रेत जे चार पैसे मिळतात त्यावर कित्येकांच्या घरातली आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, खरेदी होते.

आता अशा ठिकाणी तुम्ही नकाशा घेऊन गेलात आणि म्हणालात की इथून थोड्या अंतरावर एक-दीड किलोमीटर खोल बोअर घ्यायचं आहे. कुठल्याही पारावर बसा, पहिला प्रश्न एकच येईल: “झिरा आटी गया ते?” झरा आटला तर? तुमच्यातला एखादा तरुण अभियंता हसेल आणि खोलवरचं पाणी वेगळं, वरचं वेगळं असं सांगायला लागेल. त्याने हसण्याआधी न्यूझीलंडचा इतिहास बघावा.

तिथे वैराकेईला १९५८ मध्ये भूऔष्णिक वीजकेंद्र सुरू झालं. वाफ आणि गरम पाणी जोरात उपसलं गेलं आणि शेजारच्या खोऱ्यातले प्रसिद्ध उष्ण फवारे थंडावले. रोटोरुआ शहरात घरोघरी, हॉटेलोहॉटेली गरम पाण्याची बोअर झाली, तेव्हा पोहुतू नावाचा मोठा फवारा आणि आजूबाजूचे झरे मंदावले. १९८६ मध्ये तिथल्या सरकारला पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतली बोअर बंद करण्याचा आदेश काढावा लागला. त्यानंतर झरे हळूहळू सावरू लागले. जपानची गोष्ट आणखी बोलकी आहे. जमिनीखालच्या उष्णतेच्या साठ्यात तो देश जगात तिसरा मानला जातो, तरी त्याची भूऔष्णिक वीज अर्ध्या गिगावॉटच्या आसपासच रेंगाळते. गरम पाण्याच्या कुंडांवर चालणाऱ्या तिथल्या स्नानगृहांच्या मालकांनी दशकानुदशकं हाच प्रश्न विचारला आहे, हेही त्यामागचं एक मोठं कारण आहे. अडावदच्या पारावरचा प्रश्न आणि जपानी माणसाचा प्रश्न एकच असेल, तर त्याला अडाणीपणा म्हणता येत नाही.

आपल्याकडची परिस्थिती तर जास्त नाजूक. इथे ज्वालामुखी नाही, खाली लाव्हा उकळत नाही. सातपुड्यावर पडलेलं पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, खोलवरच्या नैसर्गिक उष्णतेने तापतं आणि तापी खोऱ्याच्या उत्तर कडेने गेलेल्या भ्रंशांच्या, म्हणजे खडकातल्या मोठ्या तुटींच्या, वाटेने पुन्हा वर येतं. म्हणजे झऱ्याचं पाणी, डोंगराचं जंगल आणि पायथ्याचा पाऊस ही एकच साखळी. त्याच पायथ्याला गोटे-वाळूचा जो पट्टा आहे, त्यातून नद्यांचं पाणी मुरतं आणि खाली आमच्या विहिरी-बोअरला येतं. रावेर-यावलचं भूजल आधीच ‘अतिशोषित’ गटात जाऊन बसलं आहे. केळीने आम्हाला पैसा दिला आणि केळीनेच पाणी खोल नेलं, हे आम्ही कबूल करतो. पण पाणी खाली जाताना पाहिलेला माणूस आणखी खोल बोअरचं नाव ऐकून दचकतो, त्यात नवल ते काय? त्या दचकण्यात त्याच्या बापाच्या कोरड्या विहिरीचा अनुभव आहे.

पाणी परत जमिनीत सोडणार, असं तुम्ही म्हणाल. सोडायलाच हवं. खोलवरच्या गरम पाण्यात आर्सेनिक, बोरॉन, फ्लोराइड असू शकतं. तुर्कस्तानात मेंडेरेस नदीच्या खोऱ्यात, आयदिन भागात, अंजिराचे बागायतदार भूऔष्णिक केंद्रांविरुद्ध रस्त्यावर उतरले ते याच धास्तीने, की वापरलेलं पाणी आणि वायू बागांवर येतील. आयदिनला जसं अंजीर तसं आम्हाला केळी. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. उद्या एखाद्या निर्यातदाराने घडाच्या तपासणीत बोरॉन जास्त निघाल्याचं सांगितलं तर बागवाल्याने कोणाकडे जायचं? शिवाय चूक आपल्याच देशातही झालेली आहे. लडाखमधल्या पुगा खोऱ्यात ऑगस्ट २०२२ मध्ये बोअर खोदताना गरम द्रव बाहेर आला, ओढ्यात मिसळला आणि काम थांबवावं लागलं. तिथे वस्ती विरळ आहे. इथे ओढ्याच्या काठाने पाडे आहेत आणि त्या ओढ्यावर गुरं पाणी पितात.

दुसरी भीती भूकंपाची. ती बोलून दाखवायला माणसं थोडी कचरतात, पण मनात असते. महाराष्ट्रातल्या माणसाला कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ माहीत आहे, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ माहीत आहे. धरणाच्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो हे जगाला शिकवणाऱ्या ठिकाणांत कोयनेचं नाव आहे. आमच्या सातपुड्यातही १४ मार्च १९३८ ला सहाहून जास्त तीव्रतेचा भूकंप झाला होता. नर्मदा-तापीच्या याच भेगाळलेल्या पट्ट्याने पुढे १९९७ मध्ये जबलपूर हादरवलं. अशा जागी खडकात जोराने पाणी दाबणार असाल, तर ‘काही होणार नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडी शोभत नाही. दक्षिण कोरियात पोहांगला नोव्हेंबर २०१७ मध्ये ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला, आणि तो तिथल्या भूऔष्णिक प्रकल्पात जमिनीत पाणी दाबल्यामुळे घडून आला, असं मार्च २०१९ मध्ये त्याच देशाच्या सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं.

या बाबतीत स्वित्झर्लंडमधली दोन शहरं तुम्ही शेजारी शेजारी ठेवून बघा. बाझेलला डिसेंबर २००६ मध्ये अशाच प्रकल्पाच्या कामात ३.४ तीव्रतेचा धक्का बसला. घरांना तडे गेले, लोक संतापले, काम थांबलं आणि २००९ मध्ये प्रकल्प कायमचा गुंडाळला गेला. सेंट गॅलनला जुलै २०१३ मध्ये साधारण तेवढाच, ३.५ चा धक्का बसला. तिथे तसा संताप उसळला नाही. नंतर तो प्रकल्प थांबला तो मुख्यतः खाली पुरेसं गरम पाणी मिळालं नाही म्हणून. एकच देश, जवळपास सारखाच हादरा, मग माणसांच्या मनात एवढा फरक का पडला? सेंट गॅलनच्या लोकांनी २०१० मध्ये मतदान करून, ऐंशी टक्क्यांहून जास्त बहुमताने, तो प्रकल्प स्वतः निवडला होता. धोका काय आहे, धक्का बसला तर कोण काय करणार, हे त्यांना आधी सांगितलेलं होतं. मला यातून जे दिसतं ते असं: माणसं धोक्याला जेवढी घाबरतात, त्याहून जास्त चिडतात ती आपल्याला न विचारता आपल्या घराखाली धोका ठेवला गेला म्हणून. तुमच्या अर्थसंकल्पात ड्रिलिंगच्या तुलनेत ग्रामसभेचा खर्च नगण्य आहे. बाझेलमध्ये जे बुडालं ते याच नगण्य रकमेच्या अभावी बुडालं, असं माझं मत आहे.

आता जरा जवळचं बोलू. हे लिहिताना मनाला त्रास होतो, पण टाळून चालणार नाही.

खान्देशाने विजेसाठी आणि धरणांसाठी जे दिलं ते विसरायला अजून वेळ गेलेला नाही. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. कित्येक कुटुंबं डोंगरावरून उठून सपाटीवर आली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरताना आम्ही पाहिले. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वारा स्वच्छ, वीज स्वच्छ, पण त्या भागात वनजमीन कसणाऱ्या आदिवासींना आपल्या हक्कासाठी मोर्चे काढावे लागले. आणि विखरणचे धर्मा पाटील. दोंडाईचाच्या वीज प्रकल्पासाठी जमीन गेली, मोबदल्यात अन्याय झाला म्हणून वयाची ऐंशी ओलांडलेल्या या शेतकऱ्याने सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. २२ जानेवारी २०१८ ला त्यांनी मंत्रालयात विष घेतलं, २८ जानेवारीला ते गेले. शिंदखेड्यापासून रावेरपर्यंत ज्याच्या ज्याच्या सातबाऱ्यावर जमीन आहे त्याला ही तारीख माहीत आहे. तुम्ही ‘हरित ऊर्जा’ म्हणता तेव्हा आमच्या कानाला आधी ‘भूसंपादन’ ऐकू येतं. त्यात ऊर्जेचा दोष नाही. पण हा अविश्वास खोटा नाही, आणि भित्तिपत्रकं लावून तो जायचाही नाही.

पर्यावरणाच्या नावाने चाललेल्या कामातही माणसं उठवली जातात, हे केनियात ओल्कारियाला दिसलं. तिथल्या भूऔष्णिक केंद्राच्या विस्तारासाठी २०१४ मध्ये मसाई कुटुंबांचं स्थलांतर झालं. नव्या जागेच्या, रस्त्यांच्या, जमिनीच्या कागदांच्या तक्रारी जागतिक बँक आणि युरोपियन गुंतवणूक बँकेपर्यंत गेल्या, मध्यस्थ नेमावे लागले. सगळं झाल्यावर बोलणी करायची, हा तिथला क्रम आपल्याकडे नको. लग्नाची तारीख, मंडप, वाजंत्री सगळं ठरवून मुलीला शेवटी ‘तुझी पसंती आहे ना’ विचारावं, तशा जनसुनावण्या आम्ही भरपूर पाहिल्या आहेत.

आणि एक विनंती, ‘स्थानिक जनता’ असा एकच गठ्ठा बांधू नका. इथे भावना सरळ रेषेत नाहीत. यात्रेत दुकान लावणाऱ्याला झऱ्याची काळजी आहे. पाड्यावरच्या बारावी झालेल्या पोराला वाटतं की कंपनी आली तर सुरतेला, नाशिकला जायला नको. त्याच्या आईला वाटतं, डोंगरात रस्ता झाला की डंपर येतील आणि महू-चारोळीची झाडं जातील. खालच्या गावातला केळीवाला गावच्या बैठकीत विजेची बाजू घेईल आणि घरी आल्यावर आपल्या बोअरची पाणीपातळी मोजेल. एकाच माणसाच्या मनात आशा आणि धास्ती एकत्र नांदतात. त्याला हो किंवा नाही यातलं एकच विचारलंत तर तो त्या दिवशीच्या मनःस्थितीप्रमाणे उत्तर देईल, आणि तुम्ही ते कायमचं लिहून घ्याल. शिवाय गावच्या बैठकीत बायका मागे बसतात, आणि त्या गप्प बसतात म्हणून त्यांना मत नाही असं होत नाही. पाणी भरणाऱ्या त्याच आहेत. त्यांच्याशी वेगळं बोला, त्यांच्या वेळेला बोला, आणि अहिराणीत, पावरीत, तडवी भागात तिथल्या बोलीत बोला.

याच्याइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट, खोटी आशा दाखवू नका. भीतीपेक्षा फसलेली आशा जास्त कडू असते. आमच्या झऱ्याचं पाणी गरम आहे, पण त्यावर तालुका उजळेल असं कोणी भाषणात सांगितलं तर ते मला पटणार नाही. कमी तापमानाच्या पाण्यावर वीज करता येते, हे खरं. अलास्कात चेना इथे २००६ पासून ७४ अंश सेल्सिअसच्या पाण्यावर जनित्र चालतं. पाण्याच्या उष्णतेने लवकर उकळणारं दुसरं द्रव्य तापवतात आणि त्याच्या वाफेवर चक्र फिरवतात. पण तिथे थंड करायला बर्फासारखं गार पाणी हाताशी आहे. ही यंत्रं गरम आणि गार यांच्यातल्या फरकावर चालतात. आमच्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, तो फरक तिथेच आटतो. खोल बोअरमध्ये जास्त उष्णता सापडली तर गोष्ट वेगळी, पण ती सापडेपर्यंत मेगावॉटचे आकडे जाहीर करू नका. सिंगरेनी कोळसा खाणीच्या कंपनीने तेलंगणात मणुगुरूला जो प्रयोग उभारला तो २० किलोवॉटचा होता. तेवढ्यात काही गावांच्या पाणीपुरवठ्याची मोटारसुद्धा जेमतेम चालेल. छोट्याने सुरुवात करण्यात कमीपणा नाही, मोठं सांगून छोटं देण्यात आहे.

माझ्या मते इथे वीज हा पहिला विचार असूच नये. उष्णता सरळ उष्णता म्हणून वापरा. नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या बघा. एकरच्या एकर मोकळ्या जमिनीवर लाल मिरची वाळत घातलेली असते, नाकातोंडाला रुमाल बांधून बायका ती उलथत असतात, आणि एका अवकाळी सरीत सगळा माल काळा पडतो. डिसेंबरात ढग आले की व्यापाऱ्याचा जीव टांगणीला आणि मजुरांची रोजी बुडीत. गरम पाण्याच्या उष्णतेवर चालणारे वाळवणीचे बोगदे जगात नवीन नाहीत. अमेरिकेत नेवाडा राज्यात कांदा-लसूण अशा उष्णतेवर वाळवतात, ग्रीसमध्ये टोमॅटो. आमच्याकडे मिरची वाळेल, केळीचे वेफर आणि पावडर होईल, कांदा वाळेल. आणि ऐकायला उलटं वाटेल, पण गरम पाण्यावर गारवाही करता येतो. शोषण पद्धतीची शीतयंत्रं उष्णतेवर चालतात. रावेरच्या केळीला कापणीनंतर पहिले काही तास गारवा मिळाला तर तिचा बाजारातला भाव बदलतो. शीतगृहाचं विजेचं बिल हे बागायतदाराचं मोठं दुखणं आहे. ज्या बाईने पथारीवर मिरची उलथली तिला त्या बोगद्यात सावलीत काम मिळालं, तर तुमच्या प्रकल्पाबद्दल तिचं मत काय होईल, याचा अंदाज बांधायला सर्वेक्षण लागणार नाही.

मालकीचाही विचार करा. न्यूझीलंडचा दाखला वर वाईट म्हणून दिला, तिथलाच एक चांगला देतो. मोकाई इथलं भूऔष्णिक केंद्र २००० साली सुरू झालं, ते मुख्यत्वे माओरी जमीनमालकांच्या तुआरोपाकी ट्रस्टच्या मालकीचं आहे. ज्यांच्या जमिनीखाली उष्णता आहे त्यांनाच धंद्यात भागीदार केलं, आणि तीच उष्णता त्यांच्या काचगृहांतल्या शेतीला मिळाली. खान्देशाला सहकार नवा नाही. सहकारात काय बुडालं आणि कोणी बुडवलं हेही आम्ही जाणून आहोत, त्यामुळे डोळे उघडे ठेवूनच मागतो आहोत: ग्रामसभेला वार्षिक भाड्याऐवजी हिस्सा द्या.

कायद्याने बोलायचं तर आमची बाजू पक्की आहे. नंदुरबारचा मोठा भाग, शिरपूर-साक्रीतली आणि चोपडा-यावल-रावेरमधली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे, त्याचे २०१४ चे राज्याचे नियम आहेत, २००६ चा वनहक्क कायदा आहे. ग्रामसभेचं म्हणणं आधी घेणं ही तुमची मेहरबानी ठरत नाही. फक्त ते कागदावर पार पाडू नका. कोरम पूर्ण दाखवायला रोजगार हमीच्या हजेरीवरच्या सह्या जोडल्या जातात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

आता काय करावं हे थोडक्यात सांगतो, तुमचे तज्ज्ञ ते आणखी नीट करतील. बोअरला हात लावण्याआधी किमान एक पूर्ण वर्ष, म्हणजे उन्हाळा-पावसाळा-हिवाळा धरून, प्रत्येक झऱ्याचं तापमान, धार आणि पाण्यातले क्षार मोजा. मोजणीत जवळच्या शाळा-कॉलेजातल्या पोरांना घ्या, वही ग्रामपंचायतीत राहू द्या. झरा मंदावल्याची तक्रार उद्या आली तर ती वही दोघांनाही खरं सांगेल. आजूबाजूच्या घरांच्या भिंतींचे, विहिरींच्या पातळ्यांचे फोटो-नोंदी कामाआधी करून मालकाला प्रत द्या, म्हणजे तडा जुना की नवा यावर भांडण होणार नाही. भूकंपमापक बसवा आणि त्याचे आकडे गावच्या चौकातल्या फलकावर दिसू द्या. कितीच्या धक्क्याला काम हळू करायचं आणि कितीला पूर्ण थांबवायचं हे हिरवा-पिवळा-लाल असं आधी ठरवून लिहून द्या. नुकसानभरपाईची रक्कम काम सुरू होण्याआधी वेगळ्या खात्यात जमा असू द्या, म्हणजे धर्मा पाटलांसारखं कोणालाही मुंबईच्या वाऱ्या कराव्या लागणार नाहीत. उनपदेव, सुनपदेव, निझरदेव यांच्याभोवती किती अंतरात बोअर घ्यायचंच नाही, तेही लोकांबरोबर बसून ठरवा. रोटोरुआला जे बोअर झाल्यावर करावं लागलं ते आपण आधी करू.

आणि काम चालू असताना ग्रामसभेला ते थांबवण्याचा खराखुरा अधिकार द्या. हा अधिकार मिळाला की लोक तो ऊठसूट वापरतील अशी तुम्हाला भीती वाटेल. ज्याच्या हातात थांबवण्याचं बटण असतं तो जास्त शांतपणे ऐकतो, असा माझा गावातल्या पाणीवाटपाचा अनुभव आहे.

या पत्राचं उत्तर वर्तमानपत्रातल्या निवेदनातून देऊ नका. सातपुड्याच्या पायथ्याची जी गावं तुमच्या नकाशात आहेत त्यांची यादी काढा आणि प्रत्येक ग्रामपंचायतीला लेखी कळवा: सर्वेक्षण ठरलं आहे का, कुठे, किती खोल, कोणाकडून आणि कधीपासून. काहीच ठरलं नसेल तर तेही लेखी कळवा. पत्र मराठीत असावं, सोबत ते अहिराणी आणि पावरीत वाचून दाखवू शकेल असा माणूस पाठवावा, आणि तारीख केळीच्या कापणीच्या गडबडीत किंवा होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत धरू नये. त्या दिवसांत डोंगरातलं कोणी घरी नसतं.

कळावे,
आपला,
चोपडा तालुक्यातील एक केळी उत्पादक